निमूच्या पलंगाचं पॉलिश

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथं हात जोडून उभी राहते आणि भलतंच काहीतरी मागून परत येते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही, आजवर उचललेली नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते. बघा — लगेच विषय टाळला. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी कच्च्या फर्निचरला पॉलिश करते. नेरळ-शेलूकडे इमारतींमागून इमारती उठल्यात. तिथली माणसं स्वस्त पडतं म्हणून बिनरंगाचं टेबल नाहीतर मांडणी आणतात, हौसेनं गॅलरीत बसून स्वतः रंगवायला घेतात, डागच डाग पाडतात आणि मग मला फोन करतात. मी जाते. पॉलिश पेपरनं घासते, चिरा आणि भोकं लांबी भरून बुजवते, रंगाचा हात देते, मग वरून लाकडाची छिद्रं बंद करणारा सीलर. बायका म्हणतात, ताई, तुमच्या हाताला जादू आहे. मी हसते. दुसरं काय करणार? माझ्या हातानं काय केलंय ते त्यांना कुठं माहीत आहे?

आमचं गाव कर्जतपासून आत आहे. घरात बाबा, मी आणि माझ्याहून बरीच धाकटी निमू. आई निमूच्या लहानपणीच गेली. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी परसातलं शिवणीचं झाड उतरवलं आणि सुताराला अंगणात बसवून पलंग करून घेतला. चांगला दणकट, उशाकडे नक्षी. पण पॉलिश केलं नाही. आमच्याकडे तशी रीतच होती — लग्नाचं सामान घडवून कच्चंच ठेवायचं. लग्न तोंडावर आलं की मुलाकडं जाऊन त्यांच्या कपाटाचा रंग बघून यायचा आणि त्याला जुळेल असं पॉलिश करायचं. पोरीचं सामान सासरी उपरं दिसू नये म्हणून. पोर उपरी दिसली तर चालते.

माझं लग्न मोडलं. साखरपुडा झाल्यावर मोडलं. मुलाला खोपोलीकडच्या कंपनीत कायम केलं आणि त्याच्या घरच्यांना कायम झालेल्या मुलाला शोभेल अशी सून हवी झाली. मी तशी नव्हते म्हणे. पलंग मागच्या पडवीत गेला. त्याच्यावर गोणपाटं पडली, गोणपाटांवर कांदे. पुढं एकदोन स्थळं आली, चहा पिऊन गेली. पलंग कच्चाच राहिला. रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून मी सुताराचं बघून बघून पॉलिश शिकले. आधी घरचा देव्हारा केला, मग शेजाऱ्यांचे पाट-चौरंग. पडवीतल्या पलंगाला मात्र हात लावला नाही. कसा लावणार? मुलाकडचं कपाट कुठं होतं?

मग निमूचं ठरलं. खालापूर तालुक्यातलं घर, माणसं बरी, मुलगा बरा. पलंगाचा विषय निघाला तेव्हा निमू पटकन म्हणाली, "तो ताईचा हाय, मला साधा घ्या." आणि बाबा, घरात पाहुणे बसलेले असताना, चहाची बशी ओठाला लावता लावता म्हणाले, "सुमीला आता कशाला लागतोय पलंग?"

वाईट मनानं नाही म्हणाले. मला ठाऊक आहे, नाही म्हणाले. सगळ्यांना जे दिसत होतं तेच त्यांनी बोलून दाखवलं. पण मी सरबताचे पेले घेऊन दारात उभी होते. पाहुण्यांतली एक बाई माझ्याकडे बघून च्-च् करून गेली. त्या बाईचा चेहरा मला आता आठवत नाही, तिचं ते च्-च् मात्र आठवतं.

पॉलिश मीच करायचं ठरलं. घरात करणारी असताना बाहेरचा माणूस कशाला? निमू सासरचं कपाट बघून आली. लालसर आहे म्हणाली, फार गडद नको गं ताई. मी पलंग अंगणात काढला, उलटा केला आणि घासायला बसले. उशाकडचा एक पाय घासला आणि हात थांबवला, तरी पीठ पडतच राहिलं. तांदळाच्या पिठासारखं, बारीक. लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. एकात सुई घातली तर ती सरळ आत गेली. बोटानं ठोकलं तर आवाज पोकळ आला. दुसरा पायही तसाच. आडव्या पाटाच्या कडेलाही सुरुवात झालेली.

लाकूड वाईट नव्हतं. कच्चं पडून राहिलं होतं, माझ्यासाठी. माझं लग्न व्हायची वाट बघता बघता त्याला कीड लागली होती.

आता इथं मी बरीच वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आले. म्हणत आले, की लग्नाची घाई होती, वेळ नव्हता, मला तेवढं कळत नव्हतं. खोटं आहे सगळं. लग्नाला चांगला अवकाश होता. सुतार हाकेच्या अंतरावर होता, दोन पाय आणि एक पाट बदलून सहज मिळाला असता. निदान भोकांत औषध सोडून पलंग उन्हात ठेवता आला असता. आणि कळत तर मला पक्कं होतं — किडा जिवंत असताना वरून सीलर मारला तर तो मरत नाही, आत खात बसतो, आणि पुढं कधीतरी पॉलिश फोडून बाहेर येतो. बाबा ओटीवरच पान खात बसले होते. नुसती हाक मारायची होती.

नाही मारली.

लांबी कालवली, रंगात रंग मिसळला आणि एकेक भोक बुजवलं. आयुष्यात इतकं मन लावून काम मी कधी केलं नाही. मनात काय होतं सांगू? झोप म्हटलं, झोप बाई याच्यावर. आणि बाबांना म्हटलं — मनातल्या मनात — मला लागत नाही ना पलंग, मग बघा कुणाला लागतोय. माझा जळफळाट झाला होता. त्याला दुसरं नाव नाही. आणि हे चाललेलं असताना निमू मला दोनदा चहा देऊन गेली, माझ्या कपाळाचा घाम स्वतःच्या पदरानं पुसून गेली.

पलंग इतका देखणा झाला, की रुखवत बघायला आलेल्या बाया त्याच्यावरून हात फिरवत होत्या. बाबा सगळ्यांना सांगत होते, "आमच्या सुमीनं केलाय."

दुसऱ्या वर्षी निमूच्या पलंगाखाली पीठ पडायला लागलं. ती झाडून काढायची आणि कुणाला सांगायची नाही. मग किडा त्यांच्या खोलीच्या चौकटीला लागला आणि सांगावं लागलं. एका सकाळी टेंपो आमच्या अंगणात येऊन थांबला. निमूच्या दिरानं पलंग उतरवला, आणि सासू सगळ्या आळीसमोर म्हणाली, "घ्या पाव्हनं तुमचा पलंग. पोरीला देताना लाकूड बगितलं नव्हतं का तुमी? का जुनं खपवलंत?"

बाबा कधी कुणापुढं वाकलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी त्या बाईला हात जोडले. "चुकलं माजं," म्हणाले, "मीच बगायला पायजे होतं." टेंपो गेल्यावर किती तरी वेळ ते पलंगाच्या त्या पायाला बोट लावून बसले होते. मग मला विचारलं, "सुमे, तू तर सगळा घासला व्हतास. तुला काय दिसलं नव्हतं ना गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं.

"नाय बाबा," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला. का नाही बसणार? त्यांनी कुऱ्हाड आणली आणि पलंग फोडला. पुढं कित्येक दिवस आमच्या न्हाणीतलं पाणी त्याच लाकडावर तापत होतं. मी त्या पाण्यानं आंघोळ केली, डोक्यावरून. मला काही झालं नाही.

निमूला मात्र झालं. घरात काही कमी-जास्त झालं, की सासूचं ठरलेलं — किडकं देणाऱ्याची पोर. बारशाला, ओटीभरणाला, कुणाच्या तरी लग्नात, चारचौघांत. निमू ऐकून घ्यायची. आणि बाबा तिच्या घरी जायचे बंद झाले. नातवंडं झाली तरी गेले नाहीत. कर्जतच्या बाजारात भेटायचे, पोरांच्या हातावर खाऊ ठेवायचे आणि तिथूनच वळायचे. "त्या उंबऱ्यावर कोणत्या तोंडानं चढू?" म्हणायचे. निमू मला म्हणायची, ताई, तू तरी सांग ना बाबांना, तुझं ऐकतात. मी "सांगते" म्हणायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले. शेवटी दवाखान्यात होते, दम लागायचा, तुटक बोलायचे. निमू आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. मला वाटलं नातवंडांचं विचारतील. ते म्हणाले, "निमे, तुला वाईट लाकूड दिलं गं मी. तुला लई बोलनी खावी लागली. माफ कर बापाला."

निमू रडत म्हणाली, "केलं बाबा, कवाच केलं."

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होते. त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता. त्यांनी माझ्या केल्याची माफी मागितली, निमूनं ती त्यांना दिली, आणि मी त्यांचं पांघरूण नीट केलं.