एक खाच मागे

चाक जमिनीपासून वीतभर उचललेलं असायचं. मिस्त्री त्याच्यासमोर उकिडवे बसत, एक हात चाकाच्या डोक्यावर आणि दुसरा बुडाशी ठेवत, डोळे मिटत आणि चाक हलकेच आत-बाहेर हलवून बघत. आतून ‘टक’ असा बारीकसा आवाज आला की डोळे उघडून म्हणत, "दम हाय."

एवढं म्हटलं की काम झालं. मग ते हात पुसत आणि चहा सांगत.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, चाकात अजून ताकद आहे असं काहीतरी ते म्हणताहेत. विचारलं तर म्हणाले, "ताकद न्हवं, बाई. बेरिंगला श्वास घ्याया जागा. लय आवळलं तर गुदमरतंय त्ये." मग त्यांनी मी काय करते ते विचारलं. शाळेत मराठी शिकवते म्हटल्यावर हसून म्हणाले, "म्हंजे तुमी पोरांस्नी दम देता, आन् मी चाकाला."

हा विनोद त्यांना इतका आवडला, की पुढे मी शेडमध्ये असताना जो कोणी येईल त्याला तो ऐकवला जाई. मी दर वेळी हसायचे. माझ्या वर्गातल्या मुलांनी मला एवढं हसताना कधी पाहिलं नसेल.

मी सवयीने त्यांना एकदा टोकलंही होतं. म्हटलं, "मिस्त्री, ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हणायचं." ते ग्रीसचा हात वर करून म्हणाले, "तुमच्या वहीत आसंल ‘आहे’. चाकात ‘हाय’च."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याच्याकडे पाटी नसते, कार्ड नसतं आणि सगळे त्याला त्याच्या कामाच्याच नावाने हाक मारतात. आमचे मिस्त्री सांगली-मिरज रस्त्याला आत वळल्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये बसत. वडील, आजोबा सगळे लोहारकाम, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणं, हेच करत आलेले. गाड्या बदलल्या तसं घराण्याचं काम बदललं, पण चाक काही सुटलं नाही. शेवटी शेवटी त्यांच्याकडे फक्त जुन्या गाड्या येत. नव्या गाड्यांना ते ‘बंद डबा’ म्हणत.

माझी गाडी म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, पांढरी पद्मिनी. अण्णा गेल्यावर ती सांगलीच्या गावभागातल्या घरापुढे उभीच होती आणि त्याच वर्षी पुराचं पाणी दारात शिरलं. चार दिवस ती पाण्यात राहिली. भाऊ म्हणाला भंगारात घाल, शेजारी म्हणाले घाल, आणि इतकी माणसं एकमताने बोलायला लागली की मला उलटंच करावंसं वाटतं. मी ती ओढत मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी पुढचं चाक काढलं, आतली टोपी ठोकून काढली आणि ग्रीस बोटावर घेऊन मला दाखवलं. त्याला दूध जास्त झालेल्या चहाचा रंग आला होता. "पानी प्यालीय गाडी," ते म्हणाले, आणि मग अख्खा दिवस मला तिथेच बसवून घेतलं.

मी तेव्हा प्रथमच ब्रेकचा ड्रम आतून बघितला. हे एक मोठं लोखंडी पातेलं. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू असतात आणि ब्रेक दाबला की ते फाकून पातेल्याला आतून धरतात. मिस्त्री आतली काळी धूळ कधी फुंकत नसत, ओल्या फडक्याने पुसून घेत. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, हातात फिरवून बघत. मग डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत दाबत ओढायची, ग्रीस पलीकडून बाहेर येईपर्यंत. "पुरनाच्या पोळीत पुरन कसं, कडंपत्तुर गेलं पायजे," असं म्हणायचे. त्या वर्षी होळीला माझ्या पोळ्या पहिल्यांदा कडेपर्यंत भरल्या गेल्या, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पण खरं काम शेवटचं. सगळं बसवून झालं की चाक हाताने फिरवत फिरवत मधला नट आवळायचा. चाक जड झालं की थांबायचं. मग एक खाच मागे. या नटाला कडेने खाचा असतात, त्यांतून एक दुमडायची पिन आरपार घालतात, म्हणजे नट जागचा हलत नाही. मिस्त्री दर वेळी नवी पिन घालत आणि तिचा एक पाय वर, एक पाय खाली वळवत. चाक मग किंचित, अगदी किंचित हलायचं. तोच तो दम.

आठ वर्षं मी त्यांच्याकडे जात होते. आठ वर्षं मी ती ‘टक’ ऐकली होती.

आणि तरीही काय केलं बघा. सांगलीतच, विश्रामबागेत, एक नवं गॅरेज झालं. चकचकीत फरशी, काचेची केबिन, पडद्यावर आकडे. मी टायर बदलायला गेले होते. तिथल्या गृहस्थांनी पुढचं उजवं चाक धरून हलवलं. ‘टक.’ ते माझ्याकडे फार काळजीने बघायला लागले.

"मॅडम, हे चाक हलतंय. नट ढिला ठेवलाय. कुणी केलं काम?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "वय झालं असेल त्यांचं."

मी ‘हो’ म्हटलं नाही, पण ‘नाही’ही म्हटलं नाही. त्यांनी त्या चाकाचा नट ओढून घट्ट केला. चाक दगडासारखं झालं आणि मला बरं वाटलं. सुशिक्षित माणसाला पडद्यावरच्या आकड्यांनी फार लवकर बरं वाटतं.

दोनच दिवसांनी मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, खंडाळ्याला. मी एकटीच निघाले, मागच्या सीटवर फळांची करंडी. कराडच्या जवळ आले तेव्हा गाडी उजवीकडे ओढायला लागली. ब्रेक दाबला तर भलतीकडेच वळली. मग जळका वास आला आणि उजव्या चाकातून धूर. कशीबशी एका चहाच्या टपरीशी उभी केली. फोन केला तो मिस्त्रींना. त्या काचेच्या केबिनची आठवणसुद्धा आली नाही.

ते एसटीने आले. खांद्याला पिशवी, पिशवीत हत्यारं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं बेअरिंग. आधी मला म्हणाले, "तुमाला काय लागलं न्हाई न्हवं?" मग उपड्या हाताने चाकाला स्पर्श केला आणि झटकन हात मागे घेतला.

टोपी, पिन, नट, ड्रम, सगळं काढलं. ग्रीस तेलासारखं पातळ होऊन ब्रेकच्या शूवर उतरलं होतं, बेअरिंग तापून निळं पडलं होतं. मिस्त्रींनी काढलेली पिन उचलली आणि ती तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, कुनाचा हात लागला हुता का हिला?"

वर्गात मी किती मुलांना म्हटलं असेल, ‘खरं सांग, मी रागावणार नाही.’ इथे तर समोरचा माणूस रागावणार नाही याची मला खात्रीच होती. माझ्या एका फोनवर भर उन्हात एसटीने आलेला माणूस. त्याला कोणत्या तोंडाने सांगू, की तुमचं वय झालं असं कोणी म्हणालं आणि मी ऐकून घेतलं?

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी नट मुठीत धरला. मग म्हणाले, "म्हंजे माजंच चुकलं."

नवं बेअरिंग बसवलं, शू पेट्रोलने धुऊन घासले. म्हणाले, "खंडाळ्याला नगा जाऊ आता. हळूहळू माघारी चला." ते माझ्या शेजारी बसले. दर काही मैलांवर गाडी थांबवायला लावत, उतरत आणि चाकापाशी हात नेऊन ऊब बघून येत, आजारी मुलाच्या कपाळाला हात लावावा तसे. करंडीतली मोसंबी मी त्यांना देऊ केली, तर म्हणाले, "नगं बाई. चूक करून वर खायचं व्हय?"

तेव्हाही मी बोलले नाही.

महिनाभराने आमच्या गल्लीतले डॉक्टर भेटले. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. त्यांच्या जुन्या अँबॅसिडरचं कामही मिस्त्रींकडेच. म्हणाले, "मिस्त्रींनी काम सोडलं. मला परत पाठवलं. हात गेला म्हणतात. कुणा बाईची गाडी रस्त्यात पेटता पेटता राहिली त्यांच्या चुकीने. आता कुणाच्या जिवाशी खेळायचं नाही म्हणाले."

ती बाई कोण, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

मला लाज वाटली. अशी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि पुढे कधी वाटू नये. तरीसुद्धा जायला मी आठ दिवस लावले, आणि गेले ती डॉक्टरांना बरोबर घेऊन. एकटी गेले असते तर वाटेतून परत फिरले असते, हे मला माहीत होतं.

शेडचा पत्रा अर्धा ओढलेला. मिस्त्री आत स्टुलावर बसून जुने नट आकाराप्रमाणे वेगळे करत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. काचेची केबिन, घट्ट केलेला नट, कराडचं खोटं. बोलताना माझा आवाज फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलीसारखा झाला होता.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक चपटी डबी काढली, तंबाखूची असते तशी. उघडली. आत तंबाखू नव्हती, कराडची पिन होती. तिचे दोन्ही पाय एकाच बाजूला वळवलेले.

"ही माजी मोड न्हाई, हे मला तवाच दिसत हुतं," ते म्हणाले. "रोज काडून बगतोय."

"मग बोलला का नाहीत मिस्त्री?"

"तुमी न्हाई म्हनला न्हवं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "शाळंतल्या बाई खोटं कशाला बोलतील? मग म्हनलं, डोळंच माजं खोटं बोलायल्यात. हात बी."

एका माणसाने माझ्या एका शब्दासाठी स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते. मी तिथेच, त्या नटांच्या ढिगापुढे रडले. डॉक्टर छताकडे बघत उभे राहिले.

मिस्त्रींनी मला रडू दिलं. मग विचारलं, "पोरं खोटं बोलली तर काय करता तुमी?"

"पाच वेळा लिहायला लावते. ‘मी खोटं बोलणार नाही.’"

"मग बसा हितं," म्हणाले आणि स्टूल सोडून उठले. "गाडी आनलीय न्हवं? काडा चाक."

त्या दिवशी मी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, साडीचा पदर खोचून चाकापुढे बसले. मिस्त्री शेजारी उभे. आवळा. चाक फिरवा. अजून. थांबा. एक खाच मागं. मग ते वाकून चाक हलवून बघत आणि नट पुन्हा सोडायला लावत. पहिल्यांदा म्हणाले, "गुदमरलं." दुसऱ्यांदा म्हणाले, "ह्ये तर गावभर हिंडंल." तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवली. चौथ्यांदा म्हणाले, "जमलं." मी त्यांचा लांब दांड्याचा पान्हा खाली ठेवायला लागले, तर डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "पाच ठरले होते!" मिस्त्री खूप दिवसांनी हसले असावेत, कारण हसता हसता त्यांना ठसका लागला.

पाचव्यांदा त्यांनी डोळे मिटले. ‘टक.’

"दम हाय," ते म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "तुमची गाडी उद्या घिऊन या."

दुसऱ्या दिवशी शेडचा पत्रा पूर्ण वर गेला. तो आणखी दोन वर्षं रोज वर जात राहिला. या दोन वर्षांत ते मला कराडवरून एकदाही काही बोलले नाहीत. फक्त ‘तुमी पोरांस्नी दम देता’ हा विनोद सांगून झाला की आता पुढे जोडत, "आन् आता चाकाला बी देत्यात."

एका सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. रात्री झोपेतच गेले. मी गेले तेव्हा तिने तो लांब दांड्याचा पान्हा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाईंस्नी द्या म्हनून ठिवला हुता."

शेडच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी निवृत्त झाले. पावसाळा सरला की गाडी अंगणात उचलून घेते. ड्रम ओल्या फडक्याने पुसते, बेअरिंग तळहातावर कडेपर्यंत भरते, चाक फिरवत नट आवळते आणि एक खाच मागे घेते. आता बहुतेक पहिल्याच खेपेला जमतं, आणि जमलं हे मला कळतं. तरी नट सोडते. पुन्हा आवळते. पाच होईपर्यंत.

मग नवी पिन घालते, एक पाय वर, एक पाय खाली. डोळे मिटून चाक हलवते. ‘टक’ होते.

"दम आहे," मी म्हणते. ते बरोबर वाटत नाही. अंगणात दुसरं कोणी नसतं, तरी मी स्वतःला सुधारते.

"दम हाय."