सड्याखालचे थेंब

ब्रेक लागून नाई राहिला, नवऱ्यानं एवढंच म्हणलं अन् मी पोरीले छातीशी आवळली. मरोद्याकडच्या पुलाचा उतार, समोर माणसायनं भरलेली बस, अन् हा पाय आपटून राहिला, पेडल पार खाली जाऊन बसलेलं. त्यानं गेर उतरवला, हँडब्रेक ओढला, ट्रक कडेच्या रेतीच्या ढिगात घातला. माह्या बांगडीनं पोरीचा ओठ फाटला. रक्त पाहून मले वाटलं, गेली माही पोर.

ट्रक छोटा आहे अन् जुना, माह्या लग्नाच्याही आधीचा. आमच्या अंगणातच उभा राहते. रोज सकाळी माहे सासरे चाकापाशी वाकून खालची जमीन पाहत होते. मी त्यायले मामाजी म्हणते. लोखंडाच्या प्लान्टात उभी जिंदगी मशीनीखाली वाकण्यात गेली त्यायची. तेलाचा डाग नाई दिसला तर म्हणत, जा, गाडी बरी आहे. मगच नवरा चाबी फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं चारी चाकं पुसली, हरेक चाकाखाली कोरा पुठ्ठा सरकवला, अन् मले सीटवर बसवून म्हणे, भाभी, ब्रेक दबाते रहो. मी दाबत राहिली. मागच्या चाकाच्या पुठ्ठ्यावर पिवळा डाग पसरला. आतलं रबर कटलं होतं, तिथूनच ब्रेकचं तेल जात होतं. मिस्त्री बोटानं चोळून म्हणे, "ये तो कब से टपक रहा है. रोज सुबह जमीन पे दिखा होगा."

नवरा मामाजीकडे वळला. "बाबा, दिसत नाई तर सांगाचं होतं ना. माही पोर मेली असती."

मामाजी चश्मा काढून बनियनले पुसत राहिले.

दिसलं मले होतं. ते चाक दारासमोरच येते, अन् मी सगळ्यायच्या आधी उठते. तेलावर रांगोळी धरत नाई, म्हणून मी राख टाकून तो डाग घासत होती, वरून शेणाचा सडा, मग रांगोळी. मले वाटे जुना ट्रक आहे, गळतेच. मामाजी उठेपर्यंत जमीन साफ.

रबर बदललं, ब्रेक चांगला लागते आता. पण मामाजी अंगणात येत नाई. दुर्गच्या दवाखान्यात डोळे दाखवून आणले, डॉक्टर म्हणे डोळे ठीक आहे, तर घरी कोणी मानलं नाई. आता तेही मानत नाई. ताटात काय वाढलं ते मले विचारून खातात. नात हात पसरते तर म्हणतात, "नको बेटा, मले दिसत नाई, पाडीन तुले."

काल मी त्यायच्याजवळ जाऊन उभी राहिली. "मामाजी," म्हणलं. ते म्हणे, काय बेटा. माह्या तोंडून निघालं, चहा मांडू का.

नवरा अजून पोरीचा ओठ पाहते अन् दात आवळते. मी सांगितलं तर तो मले ठेवन का घरात, पोरीले तरी ठेवू देईन का माह्याजवळ? अन् नाई सांगितलं तर तो म्हातारा माणूस चांगल्या डोळ्यायनं आंधळा होऊन राहिला. मी सातवीपर्यंत शिकली, मले समजत नाई. तुमी असते माह्या जागी, तर काय केलं असतं?