पाचव्या माडाचं आळं

रेवदंड्याच्या कुमुदबाईंनी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लिंबात खिळा आणि तांब्याची तार खोचून त्यांनी मुलांना वीज दाखवली होती. चिंचेखाली भूत दिसतं म्हणून मुली आडवाटेने शाळेत येत, तर एका शनिवारी अख्खा वर्ग त्याच चिंचेखाली भरवला होता. निवृत्तीनंतर त्या घरामागची नारळ-सुपारीची वाडी बघत आणि दर रविवारी लॅपटॉपवर नातीशी बोलत. लॅपटॉप मुलाने, अनीशने, वापरून दिलेला.

एप्रिलात त्या लॅपटॉपचं झाकण लागेना. बोट फिरवायची पट्टी वर उचलली गेली होती आणि यंत्र टेबलावर डगमगत होतं. अनीश फोनवर म्हणाला, "आई, बॅटरी फुगलीय. चार्जर काढ आणि झाकण दाबून बसवू नकोस. त्यात काही टोचलं तर पेट घेते."

"मला शिकवतोस?" बाई म्हणाल्या.

अलिबागच्या दुकानात रितेश नावाच्या कारागिराने नवी बॅटरी बसवली. "काकू, जुनी इथंच ठेवा. गोळा करणारे येतात, त्यांच्याकडे देतो." बाईंना वाटलं, हा तीच दुसऱ्या कुणाच्या यंत्रात घालणार. त्यांनी ती मागून घेतली, पिशवीत गुंडाळली आणि रिक्षाने घरी आणली. घरी आल्यावर मात्र तिची भीती वाटू लागली. कपाटात ठेवली तर पेटेल, कचऱ्याच्या गाडीत दिली तर गाडी पेटेल. परत अलिबागला न्यायची, तर त्या पोराला काय वाटेल?

माडाच्या आळ्यात मीठ घालतात, मासळीची घाण पुरतात. मेलेलं मांजरसुद्धा तिथेच जातं. माडाला सगळं पचतं, असं सासूबाई म्हणायच्या. कुमुदबाईंनी पाचव्या माडाच्या बुंध्याशी वीतभर माती उकरली, बॅटरी ठेवली आणि माती ओढली. हे मीठ नव्हे, हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं. मग पाऊस आला आणि त्या विसरल्या.

दिवाळीनंतर सखुबाई माडांची आळी उघडायला आली. ती या वाडीत बावीस वर्षं राबत होती. पाचव्या माडाशी तिची कुदळ बसली आणि मातीतून फुस्स करून धूर आला. पाठोपाठ भडका उडाला. ती मागे पडली, पण तोवर तिची डावी पोटरी भाजली होती. मोरीतून बाई धावत आल्या तेव्हा सखुबाई भडक्याकडे बघून हात जोडत होती.

"वाडी राखनारा जागेवाला कोपला, बाई. गेल्या साली पडलेला नारळ मी न विचारता नेला. त्याचा मान पन दिला न्हाय."

बाईंना बॅटरी आठवली. त्यांनी पाण्याची बादली उचलली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाने भाजलं? रसायन होतं का काही?"

सखुबाई म्हणाली, "वाडीतल्या राखनदारानं."

डॉक्टरीणबाईंनी कुमुदबाईंकडे पाहिलं. शाळेच्या या जुन्या विद्यार्थिनीची बारावीची मार्कलिस्ट याच बाईंनी कौतुकाने वर्गाला दाखवली होती. बाई म्हणाल्या, "मी घरात होते." यात खोटं एक अक्षर नव्हतं. घरी परततानाही त्या हेच स्वतःला सांगत राहिल्या आणि प्रत्येक वेळी ते वाक्य जास्त लबाड वाटलं.

सखुबाईने पुढच्या मंगळवारी जागेवाल्याला कोंबडा दिला. ती आता वाडीत पाऊल टाकणार नाही, असा तिने निरोप धाडला. बाईंनी आठवडाभर डाळिंब, दूध, मलम पाठवलं. सखुबाईची सून पूनम डबे परत द्यायला आली आणि म्हणाली, "सासूबाई म्हणतात, बाईंचं मन किती मोठं. मी चोरी केली तरीपन मला डाळिंबं धाडतात."

त्या दिवशी कुमुदबाईंना जेवण गेलं नाही. चार वाजता त्यांनी पाचव्या माडाशी जाऊन जळका काळा तुकडा काठीने उचलला, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि तो घेऊन सखुबाईचं अंगण गाठलं. सखुबाई पाय लांब करून सुकट निवडत बसली होती.

"सखू, जागेवाला नव्हता तो. हे होतं. लॅपटॉपची बॅटरी. मीच पुरली होती."

सखुबाईने डब्यात डोकावलं.

"कवा पुरलीत?"

"एप्रिलात."

"म्हंजे मी हात जोडले तवा तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

"दवाखान्यात पन?"

"हो."

सखुबाईने सुकटीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "जखम भरंल, बाई. पन कोंबडा देताना मी चार मानसांत सांगितलं, मी चोर हाय म्हनून. आता शेजारची बायजा माज्यासमोर परसातले नारळ मोजते."

"मी चुकले, सखू. माफ कर."

"माज्या एकटीच्या कानात बोलून काय व्हतंय? मी चौघांत बोलले, तुमी पन बोला." तिने कुंपणाकडे तोंड करून हाक दिली, "बायजे, ये गं जरा. तुज्या सुनेला पन आन. बाईंना काय तरी सांगायचं हाय."

बायजा हात पुसत आली, मागून तिची सून आली. ती बाईंचीच विद्यार्थिनी. बाईंना पाहून सवयीने सरळ उभी राहिली. पूनम दारात आली. कुणी बाईंना बसायला सांगितलं नाही.

कुमुदबाईंनी डबा मध्ये ठेवला आणि एप्रिलपासून सांगायला सुरुवात केली.