अष्टमीचं बोलावणं

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, हे मी दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगते. सिविक सेंटरच्या बाजारात फ्रॉक घ्यायला गेलो की दुकानदार तिच्या दंडांकडे बघून दहा वर्षांच्या मुलीचं माप काढतो. ते खांद्यात बसतं आणि खाली घोट्यापर्यंत लोळतं. मग मी घरी येऊन खालचा घेर दुमडून शिवत बसते. कंटाळा आलाय मला या सगळ्याचा, खोटं कशाला बोलू?

ती जन्मली तेव्हाच तिच्या मांड्या टणक होत्या. सासूबाई खूश. "माह्या भावावर गेली वं, पहिलवान होता तो!" तिसऱ्या वर्षी ती भरलेली बादली न सांडता आणायला लागली, तेव्हा मात्र मी घाबरले. रायपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समजावलं की स्नायूंची वाढ आवरणारा एक पदार्थ शरीरात असतो, आणि जनुकातल्या बदलामुळे हिच्यात तो तयारच होत नाही. फार क्वचित आढळतं म्हणे. आजार म्हणता येणार नाही, पण हृदय तपासत राहा, भरपूर खाऊ घाला. परतताना माझा नवरा एवढंच म्हणाला, "म्हंजे पोर ठीक आहे ना आपली? मंग झालं."

झालं कसलं! सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत बातमी फिरली. आधी पाहुण्यांना दंड फुगवून दाखवणं सुरू झालं. मग समोरच्या बाईंचं गॅसचं सिलेंडर, मग कोणाचं तांदळाचं पोतं, कोणाचं कपाट. "भाभी, बिटिया को भेज दो ना." ती उड्या मारत जायची. कौतुक कोणाला नको असतं? आणि मीही पाठवायची. हे लिहिताना लाज वाटते, पण तिला दहा मिनिटं कोणी नेलं की मला जरा पाठ टेकता यायची.

तिला स्वतःला मात्र एकच गोष्ट हवी होती. इकडे नवरात्रातल्या अष्टमीला घरोघरी नऊ लहान मुलींना बोलावतात, त्यांचे पाय धुतात, टिळा लावतात, पुरी-हलवा-चणे वाढतात आणि जाताना हातात टिकल्या, रुमाल असं काहीतरी देतात. गेल्या वर्षी ओळीतल्या सगळ्या मुली गेल्या, हिला कोणी बोलावलं नाही. विसरले असतील, अशी मी माझीच समजूत घातली. यंदा ती पंधरा दिवस आधीपासून विचारत होती, "आई, मले बोलावतील ना?"

अष्टमीला सकाळीच न्हाऊन, पायांना आलत्याचा लाल रंग लावून ती पायरीवर जाऊन बसली. समोरच्या बाई फाटकाशी आल्या आणि त्यांनी हाक मारली, "बिटिया!" ही ताडकन उठली. बाई मला म्हणाल्या, "भाभी, ज़रा दीवान सरकवाना था. कन्याओं को बैठाने की जगह नहीं बन रही."

काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण कढईत फोडणी करपत होती, पहाटेपासून उभी होते, आणि भांडायला अंगात त्राण नव्हतं. वाटलं, एकदा घरात गेली की बसवतीलच. "जा," म्हटलं.

थोड्या वेळानं ती परत आली. हातात हलव्याची वाटी होती आणि पायांवरचा आलता सकाळचा तसाच.

"माहे पाय नाही धुतले," ती म्हणाली. "दीवान सरकवला आन् मी तिथंच बसली होती लाईनमध्ये. आंटी बोली, नौ हो गई बेटा, तू तो बड़ी है, घर जा के खा ले."

वाटी नेऊन बाईंच्या ओट्यावर आपटावी असं वाटलं. राग त्यांचा होताच, पण त्याहून जास्त माझा होता. त्यांना नाही म्हणायचं काम माझं होतं, आणि ते मी एकदाही केलं नव्हतं.

मी परात काढली, तिला पाटावर बसवलं आणि पाय धुवायला घेतले. पोटऱ्या घट्ट, पण तळवे कोणत्याही सहा वर्षांच्या पोरीचे असतात तसेच मऊ. ती माझ्याकडे बघत होती.

"आई, मी मोठी झाली का?"

"नाही वं. सहाची आहेस तू."

"मंग मले घे."

तीन वर्षांत तिला कोणी उचललं नव्हतं, सगळ्यांचं सगळं तीच उचलत होती. मी काखेत हात घालून बघितलं तर कंबरेतून कळ आली. मग तिथंच ओल्या फरशीवर फतकल मारली आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून हलवा खात राहिली.

तासाभरानं फाटकातून पुन्हा हाक आली. पूजा आटोपली होती, दीवान जागेवर लावायचा होता.

"नहीं आएगी," मी बसल्या जागेवरून ओरडले. "छोटी है अभी!"

माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. तिला ऊठ म्हटलं नाही.