शिलाई मशीनचा कोपऱ्यातला गाळा

माझी आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. तिच्या पायाला भिंगरी आहे असं आतोबा म्हणतात. यावर तिचं उत्तर ठरलेलं, "मशिनी चालत माझ्याकडे येणार असतील तर बसते की मी घरी."

गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. कठडा धरून, तिरकी होऊन ती जिने उतरायची. डॉक्टरांनी साफ सांगितलं, जिने कमी करा, नाहीतर माझ्याकडेच फेऱ्या मारत बसाल.

तेवढ्यात सरकारची योजना आली. माल न विकता हातातलं कसब विकणाऱ्यांसाठी, म्हणजे किल्ल्या बनवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, केस कापणारे, अशांसाठी एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळे. पहिले सहा महिने भाडं नाही. मग तपासणी. गाळा चालताना दिसला तर कायमचा आपला, नाहीतर रांगेतल्या पुढच्याला. आत्याला कोपऱ्यातला गाळा मिळाला. पाटीवर तिचं काम रंगवून घेतलं तेव्हा आतोबांनी ती पाटी दोनदा पुसली, धूळ नसताना.

योजनेत खोट नव्हती. किल्लीवाल्याचं झकास चाललं होतं. आत्याचंच गाडं अडलं. कारखान्यातल्या मशिनी टेबलाला घट्ट बसवलेल्या, त्या कोण आणणार? एखादी बाई घरची मशीन उचलून आणायची, तर ती गाळ्यात सुतासारखी सरळ चालायची आणि घरी गेली की पुन्हा खडखड. मी इंजिनिअर, मला हे कोडं फार आवडलं. उत्तर साधं निघालं. गाळ्यातली फरशी सपाट होती, घरातली नव्हती. आत्या दुपारपर्यंत चुळबुळ करायची, मग शटर ओढून हत्यारांची पिशवी उचलायची आणि मशिनी असतील तिथे निघायची.

आणि आता तपासणी आली.

संकुलात एक रीत पडली होती. तपासणीच्या दिवशी एकमेकांचे नातेवाईक गिऱ्हाईक व्हायचे. मी रजा टाकली होती. आधी किल्ली करून घ्यायची, मग घड्याळाचा पट्टा, शेवटी आत्याकडे आईबरोबर मशीन घेऊन बसायचं. आतोबांकडे सगळ्यात जास्त कामं होती.

तपासणीच्या मॅडम हातात हेल्मेट घेऊन एकेक गाळा बघत निघाल्या. केस कापायच्या खुर्चीत आतोबा दिसले तशा त्या थांबल्या.

"काका, मघाशी किल्ली, नंतर घड्याळ, आता दाढी?"

"निवृत्त माणूस आहे मॅडम. कामं साठली होती."

मॅडम हसल्या आणि पुढे गेल्या.

कोपऱ्यात आत्या आमच्या घरच्या मशीनसमोर बसली होती. "हिला काहीही झालेलं नाही, वहिनी."

"तेवढी खोलून ठेवा ना, वन्सं," आई म्हणाली. "बघायला बरं दिसतं."

आत्याने एक स्क्रू काढला, पुन्हा बसवला. तेवढ्यात फोन वाजला. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर बॅगा शिवणाऱ्या ताई होत्या. त्यांची एकुलती मोठी मशीन एकाएकी अडकली होती, संध्याकाळी माल न्यायला गाडी येणार होती आणि हाताखालच्या मुली हातावर हात धरून बसल्या होत्या.

"पाचनंतर येते," आत्या म्हणाली. फोन ठेवला आणि उठली. बसली. पुन्हा उठून बाहेर मॅडमपाशी गेली. मीही मागोमाग गेले.

"मॅडम, माझा गाळा आधी बघता का?"

"ओळीनेच जावं लागतं, मावशी. तुमचा शेवटी."

"मग मी तोवर जाऊन येऊ?"

"या की. पण मी पोचेन तेव्हा शटर खाली असेल, तर बंद असंच नोंदवावं लागेल. मला ते नंतर बदलता येत नाही."

"आणि मी तिकडे काम करत असेन तर?"

"ते गाळ्यातलं काम नाही ना, मावशी." हे म्हणताना त्यांनी हेल्मेट उगाचच या हातातून त्या हातात घेतलं.

आत्या परत येऊन बसली. बोटं टेबलावर नाचत होती. आईने पाणी दिलं, ते तिने घेतलं आणि तसंच ठेवलं. फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने तो उचललाच नाही.

"पिशवी घे गं," ती मला म्हणाली, आणि शटर खाली ओढलं.

किल्लीवाले धावत आले. "अहो, मी बसतो तुमच्या गाळ्यात! मशीनमधलं मला कळत नाही, पण मॅडमना तरी कुठे कळतं?"

"नको. तुम्ही काहीतरी बोलाल आणि तुमचाही गाळा जाईल. ही चावी ठेवा."

बॅगवाल्या ताईंच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आत्या कठड्याला टेकली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "परत फिरूया का? अजून वेळ आहे." ती वर बघत होती. एरवी या जिन्यात मशीनच्या घरघरीने बोलणं ऐकू येत नाही. आता तिथे कोणीतरी खुर्ची सरकवलेली ऐकू आली.

माझा फोन वाजला. आतोबा होते, आणि कुजबुजत होते. "मॅडम दोन गाळे अलीकडे आहेत. किल्लीवाल्यांकडून चावी घेतलीय. उघडू का? मी सांगतो, ही आत्ताच चहाला गेलीय."

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. "उघडू नका."

"अगं, गाळा जाईल! आणि गुडघ्याचं काय?"

"म्हणूनच सांगते, स्कूटर घेऊन खाली येऊन थांबा. उतरताना हा बोंबलणार आहे."

"आणि मॅडमना काय सांगू?"

"बंद आहे म्हणून सांगा."

फोन माझ्या हातात कोंबून तिने कठडा धरला आणि बरा पाय आधी वरच्या पायरीवर टाकला.