पोट सांभाळणारे अण्णा

मधमाश्या पाळणाऱ्या माणसाची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही लगेच चमचा घेऊन बसला असाल. ठेवा तो खाली. आमच्या घरमालक अण्णांनी दोन वर्षांत मला थेंबभर मध दिलेला नाही. अख्ख्या के. आर. पुरममध्ये मधमाशी दिसली की मध न आठवता तिचं पोट आठवणारा हा एकमेव माणूस!

अण्णा सरकारी प्रयोगशाळेतून जंतू बघत बघत रिटायर झाले. घराणं कैक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आलेलं, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि मधेमधे कन्नडचे खडे. मी त्यांची नक्कल करतो ती अशी: मान तिरकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, "स्वल्प थांब रे. पोट कसं आहे?" तब्येत नाही, नोकरी नाही, थेट पोट! रिक्षावाल्यालाही तेच, भाडं मागायच्या आत. एकदा जेवणाच्या टेबलावर डोशाच्या शेजारी मेलेली मधमाशी ठेवून चिमट्याने तिचं आतडं काढत होते. तेव्हापासून अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फ्रिजमध्ये खडूने रेघ मारली. वर माणसांचं, खाली माश्यांचं. खालच्या कप्प्यातल्या बाटलीत जवळच्या होसकोटे गावातल्या मित्राकडच्या धडधाकट माश्यांच्या पोटातले चांगले जंतू वाढवलेले. ते साखरपाण्यात मिसळून अण्णा गच्चीवरच्या पेटीतल्या माश्यांना पाजायचे.

"कोषातून नवी माशी बाहेर येते ना, तिच्या पोटात काही नसतं बघ," ते मला समजवायचे. "घरातल्या मोठ्या बहिणींकडून तिला हे जंतू मिळतात. मग अन्न पचतं, रोगाशी झुंजता येतं. आपण विरजण शेजारून आणतो ना, तसंच. सरी?" सरी म्हणजे कन्नडमध्ये 'कळलं ना?'

"पण अण्णा, बाटलीतलं पाजून उपयोग होतो?"

"होईलच असं नाही. करून बघायचं."

करून बघण्याचं कारण साधं होतं. गच्चीवर तीन पेट्या होत्या. रोगाने दोन रिकाम्या झाल्या. उरलेली एक अण्णा दिवसातून चार वेळा कान लावून ऐकायचे.

मग होसकोट्याला लग्न निघालं. दोघं दोन दिवसांसाठी गेले. "नुसतं साखरपाणी घाल," अण्णांनी बजावलं, "जास्त हुशारी नको."

दुसऱ्या सकाळी पेटीच्या दाराशी पाच-सात माश्या मरगळून सरपटत होत्या. माझा जीव कळवळला. आमच्या गावात कंपाउंडर पडसं असो की पाय मुरगळलेला असो, एकच लाल-काळी कॅप्सूल द्यायचा. माझ्याकडे घसा दुखला होता तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या उरल्या होत्या. एक फोडली, साखरपाण्याच्या वाटीत ढवळली, पेटीपाशी ठेवली. संध्याकाळपर्यंत वाटी अर्धी झाली. मी खूश!

अण्णा परत आले तेव्हा मी जिन्यातच माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, "स्वल्प थांबा अण्णा! औषध दिलंय. रोग संपला, सरी?"

अक्का खो खो हसल्या. अण्णाही हसले, मग विचारलं, "कसलं औषध?"

मी सांगितलं. ते चप्पल न काढता गच्चीवर गेले. वाटी मोरीत ओतली, घासली, पुन्हा घासली. मी मागे उभा, आता कानाखाली बसणार म्हणून गाल तयार ठेवून.

ती पेटी पुढे कशीबशी तगली. पंधरा दिवस बाटलीतलं पाजणं माझ्याकडेच होतं. आता मी अण्णांचं सगळं करून दाखवतो, मान, चष्मा, खोकला, डोसा. त्या दिवशीचं बोलणं तेवढं जमत नाही. त्यात आवाजच नव्हता. पेटीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

"रोग मारायला गेलास रे, आणि त्यांच्या पोटातलं घरचंच मारून बसलास. उद्या कोषातून नवी पोरं बाहेर येतील. ती बहिणींपुढे तोंड करतील. त्या काय देतील त्यांना? सांग ना."