कार्गो पँटीचं वर्ष

महाद्वार रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरला आहे. कुठल्या साली काय विकलं गेलं, हे मला घरातल्या लग्नांपेक्षा नीट आठवतं. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या सालासारखं दुसरं साल झालं नाही. बायकांना एकाएकी वर-खाली एकाच कापडाचे को-ऑर्ड सेट हवे झाले. ज्या फिक्कट जांभळ्या रंगाला पोरी लॅव्हेंडर म्हणायच्या, त्याला त्यांच्या आया 'वांग्याच्या फुलाचा रंग' म्हणून मागायच्या. पोरांचे टी-शर्ट ढगळ झाले, बाह्या कोपरापर्यंत उतरल्या. एक बाई तर टी-शर्ट परत घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यात माझी दोन्ही पोरं मावत्यात. एक नंबर लहान द्या की." तो तसाच घालायचा असतो, हे तिला पटवताना माझा घसा बसला.

त्याच साली आबा, म्हणजे माझे वडील, रिटायर झाले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. कंपनी वर्षाला दोन खाकी ड्रेस आणि पुढे लोखंडी टोपी असलेल्या सेफ्टी बुटांचा एक जोड द्यायची. तेच घालून ते कामाला जायचे, बाजारात जायचे, दवाखान्यातही जायचे. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. रिटायर झाल्यावर पहिल्याच सोमवारी ते आंघोळ करून कपाटासमोर उभे राहिले आणि तिथून हलेनात. आत दोन पांढरे शर्ट आणि माझ्या लग्नात शिवलेली सफारी, एवढंच होतं.

"काय घालू गं?" त्यांनी मला विचारलं. असं त्यांनी मला पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस ते सफारीची पँट आणि पांढरा शर्ट घालून गॅलरीत बसून राहिले. कुणी विचारलं तर सांगायचे, "कुठं जायचं हाय मला?"

मग माझ्या लेकीचे बूट आले. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. काळे, घोट्याच्या वर जाणारे आणि चार बोटं जाड तळव्याचे ते बूट त्या वर्षी सगळ्या पोरींना हवे होते. तिने खोका उघडला, तसे आबा गॅलरीतून उठून आले. एक बूट त्यांनी हातात घेतला, पुढून बोटाने वाजवून बघितला.

"ह्यात लोखंड न्हाय," ते म्हणाले.

"आजोबा, ही फॅशन आहे. लोखंड कशाला?"

"मग पायावर काय पडलं तर?"

ती हसत सुटली. "कॉलेजात पायावर काय पडणार?" मग तिने ते बूट घातले, त्यांचे जुने सेफ्टी बूट आणून शेजारी ठेवले आणि मोबाइलवर फोटो काढला. तिच्या मैत्रिणींनी म्हणे विचारलं, दुसरा जोड कुठल्या दुकानातला आहे. आबांना ते सांगितल्यावर ते खुर्चीत मागे रेलून हसले. मी मात्र स्वयंपाकघरात निघून गेले, कारण मला माझं आठवीचं गॅदरिंग आठवलं.

माझं समूहगीत होतं. आबा शिफ्ट सुटल्यावर तडक शाळेत आले होते, अंगावर काळी धूळ आणि पायात ते बूट. हॉलच्या फरशीवर ते टाक टाक वाजत होते. मैत्रिणी वळून बघायला लागल्या, तशी मी पळत गेले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही बाहेरच थांबा." ते वळले आणि कार्यक्रम संपेपर्यंत गेटवर थांबले. सायकलवरून घरी जाताना एवढंच म्हणाले, "तुझा आवाज ऐकू येत हुता भायेर."

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

त्यानंतरच्या रविवारी लेकीनेच आजोबांना दुकानात आणलं. आजऱ्याला माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं आणि आबांना काहीतरी नवीन घ्यायचं होतं. मी त्यांना टेरिकॉटच्या साध्या पँटी दाखवत होते. त्यांचं लक्ष मात्र मागच्या रॅकवर. तिथे कॉलेजच्या पोरांच्या कार्गो पँटी टांगल्या होत्या, मांडीला खिसे, गुडघ्याला खिसे, त्यावर झाकणं.

"ती काय हाय?"

"आबा, ती पोरांची हाय."

"घालून बघायला काय बंदी हाय व्हय?"

ट्रायल रूममधून ते बाहेर आले तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. शेवाळी रंग, कमरेला बरोबर, घोट्याजवळ जरा गोळा झालेली. आबा एकेका खिशात हात घालून बघत होते. "आठ हायत," ते म्हणाले. चौतीस वर्षं खाकीच्या एका खिशात मापाची गेजपट्टी, चष्मा, तंबाखू आणि टेप कोंबत आलेला तो माणूस! आमचे शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "काका, वीस वर्षांनी लहान झालासा." झालं, पँट पक्की झाली.

लग्नाला नका घालू, असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी वर पांढरा शर्ट घातला आणि गाडीत जाऊन बसले.

आजऱ्याच्या कार्यालयासमोर मिरवणूक रंगात आली होती. त्या वर्षी नवरदेवांना शेरवानीखाली पांढरे स्पोर्ट शूज घालायची हौस होती, आमच्यानेही घातले होते. मित्रांनी त्याला घोड्यावरून खाली ओढून नाचवला आणि नाचता नाचता उजव्या बुटाचा तळवा पुढून उचकटला. पाऊल उचललं की तो मगरीच्या तोंडासारखा उघडायचा. अक्षता पडायला वीस मिनिटं होती. कुणी दुसरा जोड शोधायला धावलं, कुणी म्हणालं माझी चप्पल घाल. नवरदेव रडकुंडीला आला.

आबा गर्दीतून पुढे झाले. "पाय इकडं कर."

"आबा, अहो, सगळे बघत्यात!" नवरदेव म्हणाला.

"बघू देत की."

त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून बूट काढून घेतला. गुडघ्याच्या खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा निघाला, मांडीच्या खिशातून चिकटवायची ट्यूब. तळवा घासला, फुंकर मारून धूळ उडवली, ट्यूब पिळून लावली आणि बूट दोन्ही तळहातांत दाबून उभे राहिले. बँडवाले थांबले. नवरीचे मामा न राहवून म्हणाले, "पावणं, लग्नाला येताना हे सगळं घिऊन आलासा?"

"लग्नात काय लागंल, आधी सांगता येतंय व्हय?" आबा म्हणाले. दाबलेला हात त्यांनी ढिला केला नाही.

बूट दिवसभर टिकला. जेवणाच्या पंगतीत आबांना तीन ठिकाणी आग्रह झाला. एका बाईने तर पर्सची निघालेली चेन दुरुस्तीला आणून दिली आणि त्यांनी तीही बसवून दिली.

परतताना संध्याकाळ झाली होती. लेक पुढे ड्रायव्हरशेजारी झोपलेली. उत्तूर गेल्यावर मी आबांना म्हटलं, "माझं आठवीचं गॅदरिंग आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय की. निळा फ्रॉक घातलातीस."

"मी तुम्हाला बाहेर उभं केलतं."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बूट वाजत हुतं. आत आलो असतो तर तुझं ध्यान गेलं असतं गाण्यावरनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाईट वाटलंतं. न्हाय कसं म्हणू?"

"चुकलं माझं, आबा."

"लई लहान हुतीस गं." त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. कागल येईपर्यंत त्यांचा हात तिथेच होता.

दिवाळीपर्यंत कार्गो मागे पडली. पोरं पुन्हा सरळ पँटी मागू लागली आणि आमच्या रॅकवर मोठ्या कमरेच्या कार्गो तशाच राहिल्या. शेठ रोज त्यांच्याकडे बघून उसासे टाकत. मग एका सकाळी आबा दुकानात शिरले, मागे त्यांच्या फौंड्रीतले चार रिटायर झालेले सोबती. "ह्यांना माझ्यासारखी दाखव," ते म्हणाले.

त्यांच्यातले मोल्डिंगला, म्हणजे साच्यांच्या कामाला होते ते काका सगळ्यांत आधी ट्रायल रूममधून बाहेर आले. आरशासमोर वळून वळून बघत त्यांनी मला विचारलं, "ताई, ही फॅशन किती दिवस चालंल?"

मी तोंड उघडायच्या आत आबाच म्हणाले, "फाटंस्तवर."

चौघांनीही जुन्या पँटी पिशवीत भरल्या, नव्या अंगावरच ठेवल्या आणि पाचही जण खिशात हात घालून चहाला गेले.